बुजरा स्लेज डॉग: घरात रुळवण्यापासून कामाला जुंपण्यापर्यंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, डुलुथपासून ईलीपर्यंत, बर्फावरची स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची केनेल आहेत. कुठे पंधरा कुत्री, कुठे साठ. मालकाचं वय झालं, सहलींचा धंदा बसला, किंवा कुत्रं नऊ-दहा वर्षांचं होऊन टीमच्या वेगाला पुरेनासं झालं, की ही कुत्री शहरातल्या घरांकडे येतात. कधी हेळसांड झालेल्या केनेलमधून एकदम वीस-पंचवीस कुत्री सोडवून आणावी लागतात. आमच्या ओळखीतल्या काही मराठी घरांनीही अशी कुत्री आणली आहेत आणि त्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

यातली बहुतेक कुत्री अलास्कन हस्की असतात. कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा, झुपकेदार हस्की डोळ्यांसमोर असेल तर तो बाजूला ठेवा. अलास्कन हस्की ही नोंदणी झालेली जातच नाही. उत्तरेकडची गावठी कुत्री, सायबेरियन हस्की, पॉइंटर, ग्रेहाउंड अशा अनेक रक्तांतून वेग, दम, मजबूत पंजे आणि भरपूर भूक एवढंच बघून ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. वजन साधारण १६ ते २७ किलो, अंग सडपातळ, कान कधी उभे तर कधी पडलेले. कामाच्या जोरावर निवडलेल्या या कुत्र्यांत माणसाला बिचकणारी बरीच निघतात. जे कुत्रं उत्तम ओढतं ते अनोळखी माणसाला घाबरतं का, हे केनेलमध्ये फारसं कोणी बघत नाही.

लोक सहसा असा क्रम लावतात: आधी भीती जाऊ दे, मग कामाचं बघू. मला हा क्रम पटत नाही. अशा कुत्र्याला जगात एकच गोष्ट पक्की येत असते, ती म्हणजे ओढणं. घर, जिना, काच, टीव्ही, पाहुणे हे सगळं परकं असताना तीच एक ओळखीची गोष्ट महिनोन्‌महिने काढून घेतली, तर धीर यायचा कुठून? म्हणून जेवायला आणि झोपायला लागलं की हार्नेस, म्हणजे ओढण्यासाठी अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज, लवकरच बाहेर काढावा.

ते बुजरं का असतं

पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस मोलाचे. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, पायाखाली येतं ते पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. केनेलमध्ये वाढलेल्या पिल्लाने दुसरी कुत्री, बर्फ, गवताचा पेंढा आणि रोज खायला घालणारी दोन-तीन माणसं पाहिलेली असतात. लादी, फ्रिजचा आवाज, लिफ्ट, छत्री, पाळण्यातलं बाळ यातलं काहीच नाही. त्यात थोडा भाग रक्तातूनही येतो.

त्यामुळे कुत्रं तुम्हाला बघून जमिनीला चिकटलं की ‘याला कोणीतरी मारलं असणार’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. मारलेलं असेलही, पण बहुतेकदा त्याने फक्त जग कमी पाहिलेलं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कीव आलेला माणूस कुत्र्याला सारखं जवळ घेतो, आणि बुजऱ्या कुत्र्याला नको असतं ते हेच.

आणण्याआधी

केनेलच्या माणसाशी निवांत बोला. कुत्रं टीममध्ये कुठे धावायचं? सगळ्यात पुढची लीड, तिच्यामागची स्विंग, मधली टीमची कुत्री, आणि स्लेजला लागून असलेली व्हील अशा जागा असतात. मुख्य दोरीच्या डावीकडे धावायचं की उजवीकडे? शेजारी कोण असायचं? सूचनांचे शब्द कोणते? बहुतेक ठिकाणी उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, निघायला ‘हाइक’, थांबायला ‘वो’ आणि काही दिसलं तरी लक्ष न देता पुढे जायला ‘ऑन बाय’ म्हणतात. घरात तुम्ही खुशाल मराठीत बोला, पण कामावर त्याचे जुने शब्दच ठेवा. मांजर किंवा कोंबड्या दिसल्यावर काय करतं, हेही विचारा. शिकारीची ओढ या कुत्र्यांत जबर असते.

पशुवैद्याकडे मायक्रोचिप, दात, जंत, हार्टवर्म (हृदयातले कृमी) आणि गोचिडीतून येणारे आजार तपासून घ्या. मिनेसोटात लाइम रोग सर्रास आहे. सरावातल्या स्लेज डॉगच्या रक्तात थायरॉइड हॉर्मोनची पातळी मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. नाहीतर आकडा बघून नको ते औषध सुरू व्हायचं.

आणि कुंपण. भेदरलेलं हस्की चार फुटांचं कुंपण सहज ओलांडतं आणि त्याखालून खणूनही जातं. सहा फूट उंची हवी, खाली जाळी पुरलेली हवी. बाहेर नेताना दोन ठिकाणी बांधा: ओढ लागली की आवळणारा, डोक्यातून न निसटणारा मार्टिंगेल गळपट्टा, आणि अंगावर वेगळा हार्नेस. दोन्हींना वेगवेगळी लीश. गळपट्ट्याला जीपीएस लावा. सुटलेलं बुजरं कुत्रं हाकेला येत नाही, उलट हाक ऐकून आणखी लांब पळतं. याबाबतीत ढिलाई नको, अगदी कुत्रं वर्षभर राहिलं तरी नको.

पहिले पंधरा दिवस

एक छोटी खोली द्या, दार बंद होणारी. एका कोपऱ्यात उघड्या दाराचा क्रेट, त्यावर चादर. गुळगुळीत लादीवर पाय सरकले की भीती दुपटीने वाढते, म्हणून दारापासून क्रेटपर्यंत रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरा. पाहुणे नकोत. ‘जरा बघून जातो’ म्हणणाऱ्या मित्रमंडळींना महिनाभर थांबवा, वाईट वाटलं तरी चालेल.

मराठी घराचे काही खास आवाज आहेत. कुकरची शिट्टी, मिक्सर, आरतीला टाळ आणि झांजा. पहिल्या दिवसांत कुकर लावताना कुत्र्याच्या खोलीचं दार बंद ठेवा. पुढे शिट्टीचा आवाज फोनवर अगदी बारीक लावून प्रत्येक शिट्टीमागे उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका, आणि आवाज रोज किंचित वाढवा. त्याने खाणं थांबवलं की आवाज जास्त झाला असं समजा आणि मागच्या पातळीवर या. स्वयंपाकघराचा दुसरा धोका खाण्याचा. कांदा, लसूण, द्राक्षं, शिऱ्यातले बेदाणे, चॉकलेट ही कुत्र्याला विषारी आहेत. भुकेलं स्लेज डॉग ओट्यावरचं पातेलं क्षणात साफ करतं.

पाणी पीत नसेल तर मशरांची, म्हणजे स्लेज हाकणाऱ्यांची, जुनी युक्ती वापरा. कोमट पाण्यात थोडं मांस किंवा अळणी सूप कालवून द्या. केनेलमध्ये पाणी असंच वासाचं मिळत असतं. नुसत्या पाण्याच्या चकचकीत भांड्याकडे ढुंकून न बघणारं कुत्रं हे पाणी लपालप संपवतं.

त्याच्याजवळ बसायचं ते अंग बाजूला वळवून, नजर दुसरीकडे ठेवून. पुस्तक वाचा, भाजी निवडा. खाऊ हातातून द्यायची घाई करू नका, आधी तुमच्यापासून लांब टाका. आमच्याकडे आलेली विलो नावाची कुत्री सुरुवातीला खाऊ घ्यायची तेव्हा मागचे दोन्ही पाय क्रेटमध्येच घट्ट रोवलेले असायचे. पुढचं अंग रबरासारखं लांबवायची, ओठांच्या टोकाने तुकडा उचलायची आणि एका झटक्यात आत. असं ताणलेलं अंग म्हणजे ‘हवंय, पण पळायची वाट राखून ठेवलीय’. अशा वेळी हात पुढे नेला तर मागची सगळी कमाई जाते. मागचे पाय आपणहून बाहेर पडू द्यायचे.

बाकीच्या खुणाही शिकून घ्या. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, पोटाशी घातलेली शेपूट, एक पंजा उचलून थिजणं. यातलं काहीही दिसलं की अंतर वाढवा. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली पूर्वसूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

हात लावणं

डोक्यावरून हात आणू नका. बाजूने, हनुवटीखाली किंवा छातीवर तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. ते जवळ सरकलं तर पुन्हा करा, नाही सरकलं तर विषय संपला.

एक गोष्ट पुष्कळांना चक्रावून टाकते. थोपटायला गेलं की दचकणारं कुत्रं गळपट्ट्याला धरलं तर शांत चालतं. केनेलमध्ये टीमकडे नेताना गळपट्टा धरून, पुढचे पाय उचलून, मागच्या दोन पायांवर चालवत नेतात, कारण चारही पाय जमिनीवर असलेलं उत्साही हस्की माणसाला आडवं करतं. म्हणजे गळपट्ट्यावरचा हात त्याला कामाचा हात वाटतो आणि डोक्यावरचा हात अनोळखी. जो हात ओळखीचा आहे तिथून सुरुवात करा.

घरात आधीपासून शांत, माणसाळलेलं कुत्रं असेल तर निम्मं काम झालं म्हणायचं. केनेलमधलं कुत्रं तुमच्याकडे बघून शिकत नाही, दुसऱ्या कुत्र्याकडे बघून शिकतं. जिना चढणं, गाडीत बसणं, दाराची बेल वाजल्यावर न पळणं हे ते त्याच्या मागोमाग उचलतं. घरात दुसरं कुत्रं नसेल तर ओळखीतलं एखादं रोज फिरायला बरोबर घ्या.

हार्नेस

नीट खातंय, रात्री झोपतंय, अंगणात जाऊन परत येतंय एवढं झालं की हार्नेस काढायचा. ओढायला एक्स-बॅक हार्नेस वापरतात, ज्याच्या पट्ट्या पाठीवर फुलीसारख्या जातात आणि ओढायची दोरी शेपटीच्या मुळाशी लागते. चालवायचा साधा हार्नेस यासाठी चालत नाही, त्याचा दाब खांद्यांवर येतो. गळ्याचं भोक डोक्यातून जाताना घट्टच वाटलं पाहिजे, पण मानेशी बसल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. पुढचा पट्टा श्वासनळीवर न येता छातीच्या हाडावर टेकला पाहिजे. दोरी मागे ताणून बघा: हार्नेस शेपटीच्या मुळाशी संपायला हवा, त्याच्या पुढे लोंबायला नको.

पहिल्या दिवशी तो फक्त जमिनीवर ठेवा आणि कुत्र्याकडे बघा. काही कुत्री तो दिसताच बदलतात. कान उभे राहतात, अंग थरथरायला लागतं, आणि जे कुत्रं कधी आवाज करत नव्हतं ते तोंड वर करून हेल काढतं. विलो हार्नेसजवळ येऊन त्याच्या भोकात स्वतःच डोकं घालायला लागली होती, जरी माझ्या हाताला ती अजून बिचकत होती. असं झालं तर तुमचं कुत्रं कामाला भुकेलेलं आहे.

ते थिजलं किंवा निघून गेलं तर हार्नेस जेवणाच्या भांड्याशेजारी पडू द्या. मग भोकातून खाऊ दाखवा, मग नाक, मग डोकं, आणि प्रत्येक पायरीनंतर मोकळं सोडा. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. डोकं घुसवून घेण्याची सक्ती एकदा जरी केली, तरी त्यानंतर हार्नेस दिसला की कुत्रं पलंगाखाली जाईल.

पहिली ओढ

सुरुवातीला हार्नेसला फक्त हलकी दोरी लावा आणि कुंपणाच्या आत ती मागे घासत चालू द्या. मागून येणाऱ्या आवाजाची सवय यातूनच होते, आणि बुजऱ्या कुत्र्याला ओढण्यापेक्षा मागचा आवाजच जास्त छळतो. मग कमरेला कॅनिक्रॉसचा, म्हणजे कुत्रं कमरेला बांधून पळण्याच्या खेळाचा, पट्टा बांधा, त्याला ताण सोसणारी साधारण दोन मीटरची बंजी दोरी. दुसऱ्या माणसाला शांत कुत्रं घेऊन वीस पावलं पुढे पाठवा. ‘हाइक’ एकदाच, हळू आवाजात. ओरडून जोश आणायची गरज नाही.

दोरी ताणली गेली की कमरेला एक संथ खेच बसते. त्या क्षणी गप्प राहा. मोठ्याने शाबासकी दिली की कुत्रं वळून बघतं आणि दोरी सैल पडते. दोनशे-तीनशे मीटर झाले, अजून ओढतंय, तेव्हाच थांबा. थकेपर्यंत नेऊ नका. ‘अजून हवं होतं’ या भावनेवर काम संपलं तर दुसऱ्या दिवशी ते दाराशी उभं असतं.

पुढची वाढ दमाने करा. आठवड्यातून तीन-चार दिवस, अंतर थोडंथोडं वाढवत. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला वजन ओढायला लावू नये. जेवणानंतर लगेच पळवू नये, पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. पाणी मात्र निघण्याच्या तास-दोन तास आधी भरपूर पाजावं. बोटांमधला बर्फ, भेगा आणि नखं रोज बघावीत. खडबडीत बर्फावर कापडी बूट घालावेत, पण ते आधी घरात घालून सवय करावी.

थंडीपेक्षा काळजी उन्हाची घ्यायची. पारा १० अंश सेल्सिअसच्या वर गेला की मी ओढायचं काम जवळपास बंद करते, आणि १५ च्या वर अजिबात नाही. हवेत दमटपणा असेल तर त्याहूनही आधी. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबली, पाय अडखळले, की थांबून सावली आणि पाणी.

टीममध्ये जुंपायची वेळ आली तर बुजऱ्या कुत्र्याला व्हीलमध्ये ठेवू नका, तिथे स्लेज आणि माणूस अगदी पाठीवर असतात. मधल्या जोडीत, एखाद्या स्थिर कुत्र्याशेजारी, शक्यतो त्याच्या जुन्या बाजूला ठेवा. लीडचा विचार पुढे करा, पण करा जरूर. माणसाला बिचकणारी काही कुत्री लीडमध्ये खुलतात. तिथे माणूस सगळ्यात लांब असतो, समोर फक्त वाट असते, आणि बारीक आवाजातली ‘जी’-‘हॉ’ही ती टिपतात. मात्र एकट्याने लीड करायचा ताण सगळ्यांना झेपत नाही. दोघांची जोडी लावून बघा, शेपूट खाली गेली तर मागे घ्या.

कोणतं कुत्रं कुठे शोभेल हे आधी सांगता येत नाही, याला इतिहासातही दाखला आहे. लिओनार्ड सेप्पाला या नामांकित मशरने टोगो नावाचं किरकोळ पिल्लू पाळायला देऊन टाकलं होतं. ते खिडकीची काच फोडून परत आलं. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या टप्प्याटप्प्याच्या दौडीतून घटसर्पाचं प्रतिविष (सीरम) पोचवलं गेलं. तिच्यात सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा बारा वर्षांच्या याच टोगोने लीडमध्ये पार केला. शेवटचा टप्पा बाल्टोच्या टीमने केला, आणि बाल्टो सेप्पालाच्या लेखी दुय्यम दर्जाचं कुत्रं होतं.

कोणतं काम द्यावं

सगळ्यांना अलास्कातल्या हजार मैलांच्या इडिटारॉड शर्यतीसारखं काही करायचं नसतं. इथल्याच लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन बेअरग्रीस हा अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवासी समाजातला डाकवाला टू हार्बर्स ते ग्रँड मरे अशी टपालाची थैली कुत्र्यांच्या छोट्या टीमने नेत असे. डुलुथची स्लेज डॉग मॅरेथॉन त्याच्याच नावाने होते. छोटी टीम, ठरलेली वाट आणि रोजचं काम हे बुजऱ्या कुत्र्याला फार मानवतं.

शहरात राहत असाल तर कॅनिक्रॉस सगळ्यात सोपा. स्कीवर तोल असेल तर स्कीजोरिंग, म्हणजे स्कीवर उभं राहून कुत्र्याकडून ओढून घेणं; नसेल तर किकस्लेड, म्हणजे पायाने ढकलायची हलकी स्लेज. मिनिआपोलिसच्या लॉपेट या हिवाळी महोत्सवात स्कीजोरिंगची शर्यत असते. ती बघायला जा, पण बुजऱ्याला पहिल्या वर्षी तिथे नेऊ नका. गर्दी आणि घंटांचा आवाज त्याला झेपणार नाही. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला पाठीवरची छोटी पिशवी द्या. सुरुवातीला ती रिकामी असावी, आणि नंतर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नको. वास शोधण्याचा खेळही उत्तम काम आहे, कारण त्यात कुत्रं पुढे आणि माणूस मागे असतो.

आणि काही कुत्र्यांना ओढायचंच नसतं. चार-पाच वेगवेगळ्या दिवशी, थंड हवेत, सोबत्यासह बघूनही दोरी सैलच राहिली, तर तो त्याचा निर्णय समजा. आधी पाठ, कंबर आणि दात मात्र तपासून घ्या, दुखणं असलं तरी कुत्रं ओढत नाही.

दोन-तीन महिन्यांनंतरही ते नीट खात नसेल, खोलीच्या कोपऱ्यातून हलत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याकडे जा. भीती कमी करणारी औषधं कुत्र्यांसाठीही आहेत आणि ती देण्यात कमीपणा नाही. शॉक कॉलर किंवा ‘गर्दीत सोडून द्या, आपोआप शिकेल’ असले सल्ले देणाऱ्या ट्रेनरपासून लांब राहा.

पुण्या-मुंबईत सोडून दिलेली सायबेरियन हस्की सांभाळणाऱ्यांना यातला घरात रुळवण्याचा भाग जसाच्या तसा लागू पडतो. ओढण्याचा भाग नाही. तिथल्या हिवाळी पहाटेही बहुतेकदा १० अंशांच्या वरच असतात. त्या कुत्र्यांना घरातल्या थंड खोलीत वास शोधायचे खेळ द्या, आणि उन्हाळ्यात केस भादरू नका. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही राखण करतो.

दुसऱ्या टीममध्ये द्यायचं झालं तर

कधी लक्षात येतं की कुत्र्याला घरापेक्षा टीमच हवी आहे. अशा वेळी सहली नेणारं एखादं छोटं, स्वच्छ केनेल शोधा. आधी न कळवता जाऊन बघा: पेंढा कोरडा आहे का, कुत्र्यांच्या फासळ्या किती दिसतात, मालक प्रत्येकाला नावाने हाक मारतो का, आणि त्याला बघून कुत्री पुढे येतात की मागे सरकतात. पहिला आठवडा प्रायोगिक ठेवा.

सोबत एक कागद लिहून द्या. टीममधली जागा आणि बाजू, सूचनांचे शब्द, हात कुठून लावायचा, कशाला घाबरतं आणि घाबरल्यावर किती वेळात सावरतं, काय खातं, दुखण्याची औषधं, सुटलं तर कोणत्या कुत्र्याच्या मागे परत येतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन करा, आणि नाही जमलं तर कुत्रं तुमच्याकडेच परत येईल हे करारात लिहून दोघांच्या सह्या घ्या.